पाणथळीच्या कामात शिरायचंय? आधी एक तलाव धरा

इंटर्नशिपचा अर्ज करण्याआधी नागपुरातला अंबाझरी, गोरेवाडा किंवा घराजवळचा तलाव निवडा आणि नोव्हेंबरपासून दर आठवड्याला ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तोवर हात बसलेला असतो आणि सोबत दाखवायला नोंदीही असतात. कोऱ्या प्रमाणपत्रापेक्षा या नोंदी कितीतरी बोलक्या.

सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच दिसतात. ८×४२ ची दुर्बीण पुरते. जागा आणि वेळ मात्र दर वेळी तीच ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

थव्यातले आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा गट नजरेत धरून पुढे सरका. वारकरी (बदकासारखा दिसणारा काळा पाणपक्षी, कूट) वेगळे मोजा; बदकांत मिसळून आकडा फुगतो तो यांच्यामुळेच. थवा उडून पुन्हा बसला तर दुसऱ्यांदा धरू नका. आकड्याऐवजी नुसता ‘एक्स’ (म्हणजे ‘दिसला, पण मोजला नाही’) टाकू नका, आणि ओळख पटली नाही तर सरळ ‘बदक, जात अनिश्चित’ लिहा. जलपर्णी किती पसरली, सांडपाणी कुठून येतं, हेही शेऱ्यात फोटोसह नोंदवा.