१९०० च्या आसपासचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन कसा वाचायचा

जुन्या टीमचा रेकॉर्ड उघडला की आधी वर्ष बघा, स्कोअर नंतर. कारण तेव्हा पॉइंट्सच वेगळे होते. १८९८ ते १९११ टचडाउनचे (बॉल समोरच्या टीमच्या गोल लाइनपलीकडे नेण्याचे) ५ पॉइंट्स, १९१२ पासून ६. फील्ड गोल (किक मारून बॉल गोलपोस्टच्या मधून घालवणं) १९०४ च्या आधी ५ चा, मग ४, आणि १९०९ पासून ३.

आता मिशिगन युनिव्हर्सिटीचा १९०१ चा सीझन घ्या, ११ मॅच, ११ विजय, ५५० विरुद्ध ०, खरंच अफाट टीम होती ती. शेवटची मॅच १ जानेवारी १९०२ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीशी, ४९-०. आजच्या सवयीने (टचडाउनचे ६ आणि त्यानंतरच्या किकचा १) आपण लगेच सात सत्ते एकोणपन्नास करून सात टचडाउन म्हणतो, पण ते होते आठ! म्हणजे तेव्हाच्या ५ प्रमाणे ४०, वर टचडाउननंतरच्या चार किकचे ४ आणि एक फील्ड गोल ५ चा, झाले ४९.

मग नियम बघा. १९०६ च्या आधी फॉरवर्ड पास (बॉल पुढे फेकणं) नव्हताच, तीन डाउनमध्ये (प्रयत्नांत) ५ यार्ड काढायचे, म्हणून सगळा खेळ गर्दीत घुसून ढकलाढकलीचा आणि पोरं जबर जखमी व्हायची, १९०५ मध्ये तर प्रेसिडेंट रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये नियम बदलले, त्यामुळे १९०५ आणि १९०६ च्या टीम सरळसरळ कम्पेअर करू नका.

आणि ‘नॅशनल चॅम्पियन’ लिहिलेलं दिसलं तर जपून, त्या काळातले बरेचसे किताब नंतर मागे वळून दिलेले आहेत.