गच्चीवरचा घडीचा स्टँड: माझा अनुभव

आमच्याकडे सोलापुरी चादरी एकदम चार-चार धुतल्या जातात. ओली चादर पिळून उचलली तरी हात भरून येतो. कपडे वाळत घालायचा विकतचा घडीचा स्टँड पहिल्याच उन्हाळ्यात बसला. पाय फाकले आणि मधला रिबीट तुटला.

मग एक इंची जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) आणून कैचीसारखे पाय घरीच बनवले. मधे रिबीटऐवजी आरपार ८ मिमीचा बोल्ट, दोन पाइपांमधे वायसर आणि शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट. साधा नट रोजच्या उघडझापीने सैल होतो, हा होत नाही. पण खरी मेख खाली होती. पाय फाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना खाली साखळी लावली, आता ताण ती घेते.

एक मात्र विसरू नका. भोक पाडलं की तिथला जस्ताचा थर जातो, गंज धरतो आणि चादरीवर उतरतो. तो डाग साबणाने निघत नाही, माझी एक पांढरी चादर गेली. भोकांना लगेच झिंकचा रंग लावा.

वळवाच्या वाऱ्यात चादर शिडासारखी फुगते, म्हणून स्टँड कठड्याच्या कडीला बांधते. संध्याकाळी सासूबाई तो एकट्याने मिटवून जिन्याखाली ठेवतात.