वर्गात बाईंचा एकच मोबाइल असेल तर

आमची शाळा पाटण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून टीव्ही दिलाय आणि तो चालतोही. पण पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि रेंज मिळते ती फक्त शाळेच्या पायरीवर. मग रोज हाताशी उरतं ते एकच साधन: माझा मोबाइल. खेड्यातल्या बऱ्याच शिक्षकांचं असंच असणार, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं मत आधीच सांगते. वर्गात मोबाइल काढायचा तो मुलांच्या हातात देण्यासाठी. एवढाशा पडद्यावर व्हिडिओ लावला तर मागे बसलेल्यांना काही दिसत नाही, आणि पुढचे गप्प बसले की आपल्याला वाटतं, वर्ग शिकतोय. त्याच मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहे, कॅमेरा आहे, स्टॉपवॉच आहे. या तिघांना ना रेंज लागते, ना टीव्ही. मूल त्यांच्याशी काहीतरी करतं, आणि तिथून शिकणं सुरू होतं.

आधीची तयारी

मोबाइल मुलांकडे देण्याआधी फ्लाइट मोड लावा. मध्येच घरचा फोन आला किंवा व्हॉट्सॲपचे मेसेज वरून डोकावले की तास गेलाच म्हणून समजा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ॲप पिन करायची, म्हणजे पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवायची सोय असते. ती चालू करा, आणि पिन काढताना लॉक विचारायचा पर्यायही चालू ठेवा. रेकॉर्डर पिन केला की तुमच्या लॉकचा आकडा किंवा पॅटर्न टाकल्याशिवाय मुलाला दुसरीकडे जाताच येत नाही. तुमचे फोटो, बँकेचं ॲप सगळं सुरक्षित राहतं, आणि तुम्ही बिनघोर दुसऱ्या गटाकडे वळू शकता. एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असलेल्या बहुवर्ग शाळेत या एका गोष्टीने किती सुटसुटीत होतं ते वापरल्यावरच कळेल.

लागणारं सगळं घरूनच उतरवून आणा. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून साहित्य आधीच डाउनलोड करता येतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. खुल्या परवान्याची असल्यामुळे ती उतरवायला, छापायला, वाटायला कुणाची आडकाठी नाही. मी त्यातली काही छापूनच घेते. गोष्ट हातात धरून वाचलेलीच बरी.

आवाज कमी पडत असेल तर मोबाइल स्टीलच्या खोलगट पातेल्यात उभा ठेवा. पोषण आहाराचं पातेलं शाळेत असतंच.

वाचन: स्वतःचा आवाज स्वतः ऐकणं

दुसरी-तिसरीसाठी मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. मूल अडखळत वाचतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात असतं. आपण कसं वाचतोय हे त्याला ऐकूच येत नाही. आपण मध्ये टोकलं तर ते आणखी बिचकतं. रेकॉर्डर टोकत नाही.

पद्धत सोपी आहे. मुलाला पुस्तकातला एक परिच्छेद निवडू द्या, साधारण पाच-सहा ओळींचा. व्हरांड्यात किंवा दुसऱ्या खोलीत, जिथे बाकीचे ऐकत नाहीत, तिथे त्याने एकट्याने वाचून रेकॉर्ड करायचं. मग लगेच पेन्सिल हातात घेऊन तेच ऐकायचं. जिथे थांबलो, चुकलो किंवा शब्द गाळला, तिथे पुस्तकात बारीक टिंब द्यायचं. या वेळी तुम्ही जवळ उभे राहू नका. टिंबं देऊन झाली की तेवढेच शब्द दोन-तीनदा म्हणायचे आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. दिवसाला तिघं-चौघं घेतली तर आठवडाभरात वर्गाची एक फेरी होते.

तिसरीतली एक मुलगी ओळीच्या ओळी एका दमात ओढायची. पूर्णविराम आहे, थांब, हे तिला अनेकदा सांगून झालं होतं. पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती धावत आली आणि म्हणाली, "बाई, मी थांबतच न्हाई! कुणाला कळायचं कसं?" दुसऱ्या वेळी ती प्रत्येक पूर्णविरामाला इतकी थांबली की मधल्या वेळात चिमण्या ऐकू येत होत्या. तिसऱ्या वेळी बरोबर जमलं. त्यात मी काहीच शिकवलं नव्हतं, ते तिच्या कानांनी शिकवलं.

फाइलला मुलाचं नाव देऊ नका. हजेरी क्रमांक आणि तारीख टाका. मिनिटाच्या आवाजाला साधारण एक एमबी जागा लागते, त्यामुळे जागेची काळजी नको. जूनचं पहिलं रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा. दिवाळीनंतर आई किंवा वडील शाळेत आले की जूनचं आणि आत्ताचं लागोपाठ ऐकवा. प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीने पालकांना जे कळत नाही ते या दोन मिनिटांत कळतं. अशा वेळी मी मुलालाही शेजारी बसवते.

सहावी-सातवी: आजी-आजोबांची मुलाखत

आमच्या भागात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप घराघरात आठवला जातो. तेव्हा जी मुलं होती ती आता आजोबा-आजी आहेत. मुलांनी ही आठवण त्यांच्याकडून ऐकायची, रेकॉर्ड करायची आणि लिहून काढायची, असा उपक्रम मी घेते. तुमच्या गावात भूकंप नसेल, पण 1972 चा दुष्काळ असेल, गावात पहिल्यांदा वीज आली तो दिवस असेल, धरणात गेलेलं जुनं गाव असेल. माणसाने स्वतः पाहिलेली गोष्ट हवी, एवढंच.

आधी वर्गात बसून प्रश्न काढा. पाचच. मुलं पहिल्यांदा "तुम्हाला भीती वाटली का?" असे प्रश्न काढतात, ज्यांचं उत्तर "व्हय" एवढ्यात संपतं. ते बदलून घ्या: "तेव्हा तुम्ही कुठे झोपला होता?", "पहिल्यांदा काय ऐकू आलं?", "घरातून बाहेर कोण आधी आलं?", "जनावरांचं काय झालं?", "त्या रात्री कुठे झोपलात?" जागा, आवाज, माणसं यांच्याबद्दल विचारलं की म्हातारी माणसं खुलतात. गोठ्याचा प्रश्न निघाला की तर बोलणं थांबतच नाही.

रेकॉर्डिंग मुलाच्या घरच्या मोबाइलवर करा. नसेल तर आजोबांना शाळेत बोलवा, आनंदाने येतात. मोबाइल चार घड्या केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे जमिनीवर आपटलेल्या भांड्याचा धक्का त्यात जात नाही. बोलणाऱ्यापासून हातभर अंतर ठेवा. पंखा, टीव्ही बंद. सुरुवातीला मुलाने तारीख, गाव आणि "आजोबा, रेकॉर्ड करू का?" हे विचारायचं, आणि त्यांचा होकारही रेकॉर्डमध्ये यायला हवा. प्रश्न विचारला की गप्प बसायचं. आजोबा थांबले तरी मनात दहा आकडे मोजायचे, मगच पुढचा प्रश्न. या दहा आकड्यांतच बहुतेक वेळा सगळ्यात मोलाची गोष्ट बाहेर येते.

नंतर सगळं लिहून काढायला सांगू नका, मुलं कंटाळतील. आवडलेली दोन मिनिटं निवडायची आणि ती शब्दशः उतरवायची, जशी बोलली तशी. "हादारलं", "पार धा-धा फुटावर फेकलं" हे तसंच लिहायचं. मग शेजारी तेच प्रमाण मराठीत. बोलीतली वाक्यं खोडून शुद्ध करण्याचा मोह मला मान्य नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिली की मुलाला स्वतःच्या घरची भाषाही लिहिण्याजोगी वाटते.

चार-पाच मुलाखती झाल्या की फळ्यावर तक्ता करा. कुणी सांगतं भूकंप पहाटे झाला, कुणी म्हणतं मध्यरात्री. एका आजीला थंडी आठवते, दुसऱ्यांना धूळ. मग मुलं भांडतात, खरं कोणाचं? इतिहासाचं साधन म्हणजे काय, ते पुस्तकात वाचून कळलं नसेल तर इथे कळतं.

पडणारा चेंडू

सातवीसाठी. व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने जमिनीपासून 1 मीटर आणि 2 मीटरच्या रेघा मारा. एका मुलाने स्टुलावर उभं राहून रबरी चेंडू रेघेवरून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. मोबाइल समोर विटेला टेकवून, रबरबँडने बांधून स्थिर ठेवा. वरची रेघ आणि जमीन दोन्ही चौकटीत आली पाहिजेत. साधा व्हिडिओ घ्या.

आधी अंदाज लिहून घ्या: एक मीटरला जेवढा वेळ लागतो त्याच्या किती पट दोन मीटरला लागेल? जवळपास सगळे "दुप्पट" लिहितात. मग व्हिडिओ व्हीएलसी या व्हिडिओच्या ॲपमध्ये लावून वेग 0.25 करा, म्हणजे सगळं चौपट हळू दिसेल. दुसऱ्या मोबाइलचं किंवा मनगटावरच्या घड्याळाचं स्टॉपवॉच मुलांच्या हाती द्या. एक मीटरला साधारण 1.8 सेकंद येतात, दोन मीटरला 2.55 च्या आसपास. चाराने भागलं की खरा वेळ: 0.45 आणि 0.64 सेकंद. दुप्पट नाहीच. प्रत्येकाचं मोजमाप थोडं वेगळं येईल. ते सगळं फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा, गणिताचा तासही त्यातच झाला.

वेळ दीडपटही का झाली नाही, याचं उत्तर लगेच देऊ नका. "खाली येताना तो जास्त जोरात येतो" असं कुणीतरी म्हणतंच. तोच धागा पकडा. सूत्र पुढच्या वर्गात येईल तेव्हा या मुलांना ते ओळखीचं वाटेल.

आणखी काही, थोडक्यात

सोनार किंवा घड्याळजी वापरतात ते भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरा आणि वर्तमानपत्रातला रंगीत फोटो बघा: निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतात. कांद्याचा पापुद्रा, शेवाळ, मुंगीही बघण्यासारखी. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा, जांभळट उजेड चमकतो. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो हे दाखवायला एवढं पुरे.

रेंज असेल तर मराठी कीबोर्डवरचं बोलून टाइप करणं वापरून बघा. मुलाने चार वाक्यं बोलायची, मोबाइलने लिहायची. विरामचिन्हं बहुधा येत नाहीत, काही शब्द भलतेच येतात. तो मजकूर फळ्यावर उतरवून वर्गाने दुरुस्त करायचा. आमच्या पोरांची बोली मोबाइलला नीट कळत नाही. ती उणीव मोबाइलची आहे, बोलणाऱ्याची नाही, हे मी वर्गात मोठ्याने सांगते.

उजळणीसाठी प्लिकर्स नावाचं ॲप चांगलं आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तराची बाजू वर करून सगळ्यांनी कार्ड धरायचं, आपण मोबाइल वर्गावरून फिरवायचा, की कुणी काय उत्तर दिलं ते कळतं. मुलांकडे काहीच उपकरण लागत नाही, आणि न बोलणारी मुलंही उत्तर देतात. कार्डं जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड चमकून स्कॅन व्हायला अडतं.

मुलांचे आवाज आणि चेहरे

यात मी अगदी काटेकोर आहे. वर्गातलं रेकॉर्डिंग किंवा फोटो पालकांच्या ग्रुपवर, स्टेटसवर टाकत नाही, कौतुकाने सुद्धा नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज गावभर फिरला तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, असं म्हटलं आहे. जूनमधल्या पालकसभेत काय रेकॉर्ड करणार, कशासाठी आणि किती दिवस ठेवणार हे स्पष्ट सांगून सह्या घ्या. मोबाइलमधल्या फोटो-फाइल्सचा बॅकअप आपोआप होत असेल तर रेकॉर्डिंगचा फोल्डर त्यातून वगळा.

वर्षाअखेर निकाल लागला की मुलासमोरच त्याची सगळी रेकॉर्डिंग पुसून टाका. ज्याला हवं त्याच्या पालकांच्या मोबाइलवर आधी पाठवून द्या. आजी-आजोबांच्या मुलाखती मात्र पुसू नका. त्यांच्या घरच्यांना विचारून एका पेनड्राइव्हवर घ्या, वर चिठ्ठी लावा आणि शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या सहावीला तिथून सुरुवात करता येईल.