नववर्षाचे संकल्प: या चुका टाळा, आणि मोडलाच तर असा दुरुस्त करा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डायऱ्या आणि मोबाईलमधल्या नोट्स याद्यांनी भरून जातात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच याद्या उघडून बघायला नको वाटतं. मग ठरलेलं निदान होतं: "माझ्यात चिकाटीच नाही." आपण आरंभशूर असतो हे कबूल, पण वर्षानुवर्षं घर चालवणाऱ्या, नोकरीवर वेळेत पोचणाऱ्या माणसात चिकाटी नाही असं कसं म्हणायचं? घोळ बहुतेक वेळा संकल्प लिहितानाच झालेला असतो. स्वभावापेक्षा ते एक वाक्य दुरुस्त करणं कितीतरी सोपं आहे.

संकल्प करणंच फोल, असं मानणाऱ्यांसाठी आधी एक आकडा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात नववर्षाचा संकल्प केलेल्यांची तुलना बदल हवा असूनही संकल्प न केलेल्यांशी केली होती. सहा महिन्यांनी संकल्पवाल्यांपैकी ४६ टक्के लोक टिकून होते, न करणाऱ्यांपैकी ४ टक्के. ही माहिती लोकांनी स्वतःच फोनवर सांगितलेली होती, त्यामुळे आकडे थोडे फुगले असतील असं धरा. तरी फरक लहान नाही.

चूक पहिली: इच्छेलाच संकल्प समजणं

"यंदा भरपूर वाचणार." हे वाक्य घेऊ आणि त्याची डागडुजी करू.

भरपूर म्हणजे किती? एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी ध्येय ठरवण्यावर काही दशकं संशोधन केलं. त्यातून वारंवार दिसलं की "जमेल तेवढं करीन" असं म्हणणाऱ्यांपेक्षा नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य ठेवणारे जास्त काम करतात. तेव्हा म्हणू, वर्षात २४ पुस्तकं. ऐकायला भारी वाटतं. सरासरी २५० पानं धरली तर ६,००० पानं झाली. ३६५ने भागू नका. आजारपण, प्रवास, पाहुणे, कामाची गर्दी यांचे दिवस आधीच वजा करा आणि ३०० दिवस धरा. म्हणजे दिवसाला २० पानं, साधारण अर्धा तास. आता वाक्य असं झालं: "रोज २० पानं वाचणार."

अजूनही ते अपुरंच आहे, कारण हा अर्धा तास दिवसात नेमका कुठे आहे हे त्यात नाही. याच जागी सगळ्यात जास्त संकल्प अडकतात. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर सोपा उपाय सुचवला. ध्येयाच्या जोडीला "अमुक घडलं की मी तमुक करीन" असं एक वाक्य ठरवायचं. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा या साध्या वाक्याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. कारण समजण्यासारखं आहे. ऐन वेळी "आता करू की नंतर" हा विचार करावाच लागत नाही, तो आधीच करून ठेवलेला असतो.

तर आपलं वाक्य: "रात्री जेवणानंतर ओटा आवरला की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावीन आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून २० पानं वाचीन." जरा लांबलं खरं, पण यात वेळ आहे, जागा आहे, आधीची ठरलेली कृती आहे आणि मुख्य अडथळ्याची सोयही आहे. घड्याळातल्या वेळेपेक्षा "ओटा आवरला की" ही खूण मला जास्त भरवशाची वाटते. नऊ वाजून जातात, कळतही नाही. ओटा मात्र रोज आवरावाच लागतो.

जाता जाता: 'स्मार्ट' (SMART) ध्येयांचं सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. जॉर्ज डोरान यांनी ते १९८१ साली कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी मांडलं होतं, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही अक्षरं बसलीच पाहिजेत असं नाही, हेही त्याच लेखात लिहिलं होतं. मूळ सूत्रातलं 'ए' हे अक्षर काम कोणावर सोपवलं आहे यासाठी होतं. आज बहुतेक ठिकाणी तिथे 'साध्य होण्याजोगं' असं सांगतात. घरच्या संकल्पांना मूळ अर्थच जास्त उपयोगी पडतो. "आपण सगळे जेवताना मोबाईल बघायचा नाही" असं ठरतं, पण फोन गोळा कोण करणार हे ठरत नाही. मग कोणीच करत नाही.

चूक दुसरी: एक ना धड, भाराभर चिंध्या

यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मिनिटं लिहा. व्यायाम ६०, वाचन ३०, नवी भाषा ३०, ध्यान २०, डायरी १०. बेरीज १५० मिनिटं, म्हणजे रोजचे अडीच तास. आज हे अडीच तास कशात जातात? झोपेतून काढणार, की कामातून, की घरच्यांच्या वेळातून? याचं उत्तर नसेल तर यादी कागदावरच राहणार.

त्यात आपला अंदाज नेहमी कमीच असतो. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजही कमीच पडला. संकल्पात एखादं मोठं काम असेल, पुस्तक लिहिणं किंवा परीक्षा देणं, तर मनात आलेल्या मुदतीवर विसंबू नका. असंच काम मागच्या वेळी किती दिवसांत झालं होतं ते आठवा आणि तो आकडा धरा.

बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी तेरा सद्‌गुणांची यादी केली होती. पण तेराही एकदम अंगी बाणवायच्या फंदात तो पडला नाही. आठवड्याला एकाच गुणावर मुख्य लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. चुकलं की छोट्या वहीत काळा ठिपका. एवढं करूनही नीटनेटकेपणाने त्याला शेवटपर्यंत दाद दिली नाही, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. यादी लांब असायला हरकत नाही. हातात एका वेळी एक घ्या, फार तर दोन.

चूक तिसरी: फक्त निकाल लिहिणं

"दहा किलो वजन उतरवणार", "बढती मिळवणार". वजन शरीर ठरवतं, बढती साहेब ठरवतात. तुमच्या हातात फक्त आज काय करायचं तेवढंच असतं. निकाल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पण रोजची खूण करायची ती कामासमोर.

आणि आकडा आलाच तर तो कुठून आला तेही पाहा. रोज १०,००० पावलांचं लक्ष्य प्रसिद्ध झालं ते १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे. त्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. चालणं चांगलंच आहे, पण आज ३,००० पावलं चालणाऱ्याने ५,००० केली तर ती हार मानायचं कारण नाही.

चूक चौथी: "हे करणार नाही"

स्वीडनमध्ये १,०६६ जणांच्या संकल्पांवर वर्षभर नजर ठेवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहीतरी करण्याचा संकल्प असलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी स्वतःला यशस्वी म्हटलं, काहीतरी टाळण्याचा संकल्प असलेल्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी. "रात्री मोबाईल बघणार नाही" या वाक्यात रात्रीची रिकामी वेळ तशीच उरते, आणि रिकामा हात मोबाईलकडेच जातो. त्या वेळेला दुसरं काम नेमून द्या. व्यसन सोडायचं असेल तर मात्र अशा शब्दांच्या फेरफारावर विसंबू नका. तिथे डॉक्टरांची मदत घ्या.

चूक पाचवी: पहिला खाडा पडला की सगळंच सोडणं

संकल्प खऱ्या अर्थाने बुडतो तो खाड्याच्या दुसऱ्या दिवशी. १९७५ सालचा एक प्रयोग आहे. खाण्यावर बंधनं घालून घेणाऱ्या लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवलं. मिल्कशेकनंतर त्यांनी कमी खायला हवं होतं, पण त्यांनी जास्तच खाल्लं. "आता मोडलंच आहे, तर जाऊ दे सगळंच." जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी या वागण्याचा पुढे बराच अभ्यास केला. एक व्यायाम चुकला म्हणून आठवडा सोडणं, आठवडा गेला म्हणून महिना, आणि मग "आता पुढच्या वर्षी" असं म्हणणं, सगळं यातलंच.

यात भर घालते ती २१ दिवसांची दंतकथा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात. त्यातला 'किमान' गळला आणि शस्त्रक्रियाही गळली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. वागणं अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे मधोमध येणारा आकडा, ६६ दिवस निघाला, आणि फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिती अंदाजाने काढलेले). बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही.

म्हणून खाड्याची सोय सुरुवातीलाच करा. लक्ष्य आठवड्याचे सातही दिवस ठेवा आणि दोन रजा खात्यात ठेवा. अशी राखीव सूट दिलेले लोक जास्त काळ टिकतात, असं मारिसा शरीफ आणि सुझान शू यांच्या २०१७च्या अभ्यासातही दिसलं. शिवाय एक छोटा पर्याय लिहून ठेवा: २० पानं जमली नाहीत तर दोन, अर्धा तास चालणं जमलं नाही तर इमारतीला एक फेरी. पाहुणे गेल्यावर रात्री साडेअकराला दोन पानं वाचणं हास्यास्पद वाटेल, पण दुसऱ्या दिवशीची सुरुवात सोपी होते.

तरीही अडलंच, तर

रोज चक्क विसरायला होत असेल तर खूण बदला. संकल्प ज्या कामाला जोडला आहे ते बहुधा रोज होतच नसेल.

आठवतं, पण उठवत नाही? मग काम मोठं आहे किंवा सामान लांब आहे. बूट दारात, पुस्तक खुर्चीवर, वाद्य खोळीतून बाहेर. यासाठी लागणारी दोन मिनिटं आदल्या रात्री खर्च करा.

होतं, पण कंटाळा येतो? कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना रंजक ध्वनिपुस्तकं फक्त व्यायामशाळेतच ऐकू दिली, तेव्हा सुरुवातीच्या काळात त्यांच्या फेऱ्या वाढल्या. पुढे मोठी सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. म्हणजे युक्ती चालते, पण सुट्टीनंतर ती नव्याने लावावी लागते.

आणि संकल्प मनातूनच उतरला असेल तर? काही संकल्प आपले नसतातच. दुसऱ्याचं पाहून किंवा कोणाच्या बोलण्यामुळे घेतलेले असतात. ते चालढकल करत कुजवू नका. तारीख टाकून सरळ खोडा आणि मोकळी झालेली मिनिटं दुसऱ्या कामाच्या नावे लिहा.

हे वाचताना फेब्रुवारी किंवा जून उजाडला असेल तरी एक जानेवारीची वाट बघायची गरज नाही. हेंगचेन दाई, मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवसानंतरचे दिवस अशा वेळीही लोक नव्या हुरूपाने सुरुवात करतात. येत्या रविवारी दहा मिनिटं काढा, जुनं वाक्य समोर ठेवा, वेळ, जागा, खूण आणि रजा यांपैकी त्यात काय राहून गेलं आहे ते पाहा, आणि सोमवारपासून नवं वाक्य लागू करा.