लहान मद्यनिर्मात्यांसाठी कायद्यात बदल सुचवताना
अडचण उत्पादन शुल्काची आहे, परवान्याची की थेट विक्रीवरील बंदीची, हे आधी ठरवून नेमके कलमच निवेदनात उद्धृत करावे. शुल्कासाठी ब्रिटनचा दाखला उपयोगी पडतो: तेथे २००२ पासून वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत (म्हणजे ५ लाख लिटरपर्यंत) बिअर बनवणाऱ्यांना निम्मे शुल्क माफ झाले, मात्र ती मर्यादा ओलांडल्यावर सवलत झपाट्याने घटत असल्याने उत्पादन वाढवणेच अवघड होई, म्हणून आपल्या मसुद्यात सवलतीची उतरण सौम्य ठेवावी. व्हिस्कीसारखे मद्य गाळणाऱ्यांची मागणी वेगळी मांडावी, कारण पिंपात मद्य मुरेपर्यंत भांडवल वर्षानुवर्षे अडकते आणि शुल्क गोदामातून माल बाहेर पडतानाच आकारले जाणे त्यांना सवलतीइतकेच महत्त्वाचे वाटते. आरोग्यविषयक आक्षेपांना (ते येणारच) बगल देऊ नये. वयोमर्यादा कायम राहील, असे मसुद्यातच नमूद करावे.