ड्रायव्हर टिकत नाही? गाडीमालकांनो, या चुका टाळा

निपाणी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात एक-दोन गाड्यांचे मालक पुष्कळ. ड्रायव्हर बहुतेक गावातला नाहीतर नात्यातला, त्यामुळे पगार, भत्ता, उचल सगळं तोंडी ठरतं. गाडी सुरळीत चालते तोवर कुणाचं काही अडत नाही. हिशेबात खटका उडाला किंवा अपघात झाला की हा तोंडी कारभार ड्रायव्हरच्या अंगावर येतो.

हिशेब महिनाअखेरीवर ढकलणं

बेळगावात रात्री भाजी भरायची, चोर्ला घाट उतरून पहाटे म्हापसा गाठायचं. दिलेल्या खर्चीतून डिझेल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पंक्चर, जेवण भागतं. डिझेलची पावती मिळते, वाराईची मिळत नाही. महिन्यानंतर हिशेबाला बसलं की दोघांनाही नीट आठवत नाही आणि न जुळणारी रक्कम पगारातून कापली जाते. चांगला ड्रायव्हर यावर भांडत बसत नाही. तो दुसरी गाडी धरतो.

गाडी परतली की त्याच दिवशी वही उघडा. बिनपावतीचा खर्च तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला सांगा आणि एकदा मान्य केलेला खर्च पुन्हा उकरून काढू नका. उचलीचं पान वेगळं ठेवा, महिन्याला किती कापायचे ते आधीच लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. पगार बँकेत टाका. उचल फिटेपर्यंत लायसन्स किंवा आधार कार्ड अडकवून ठेवणारे मालक आहेत. हे अजिबात करू नका.

‘गाडीचा फुल इन्शुरन्स आहे’ म्हणून निर्धास्त राहणं

पॉलिसीत 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच दिसतं. ते गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी असतं, पगारी ड्रायव्हरसाठी नाही. ‘पेड ड्रायव्हर’ आणि ‘क्लीनर’ अशी नोंद आहे का, किती माणसांची आहे, हे पॉलिसी हातात घेऊन वाचा. नसेल तर एजंटाकडून करून घ्या. त्याचा प्रीमियम किरकोळ असतो.

कामावर असताना ड्रायव्हर जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ‘चूक त्याचीच होती’ एवढं म्हणून सुटका होत नाही. ही भरपाई पगारावरून मोजतात. पगार रोखीने दिलेला आणि नोंद कुठेच नाही, तर त्याच्या बायकोने कोर्टात काय दाखवायचं? बँकेतला पगार आणि सह्यांची वही तिच्या उपयोगी पडते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचं संरक्षण मिळतं, वय 18 ते 70. तेही काढून द्या, पण तेवढ्यावर आपली जबाबदारी संपली असं समजू नका.

लायसन्सची मुदत ‘सारथी’ या सरकारी लायसन्स पोर्टलवर स्वतः बघा. मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवसांची सवलत होती, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत ती गेली. लायसन्स वैध नसेल तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते.

टनावर पैसे, झोपेवर नाही

टनामागे कमिशन ठेवलं की ओव्हरलोड आलाच. दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तो ड्रायव्हरच्या माथी मारणं सरळ अन्याय आहे, कारण माल भरायला होकार तुम्हीच दिलेला असतो. परतीचं भाडं मिळालं म्हणून रात्रभर जागलेल्या माणसाला पुन्हा घाट चढायला लावू नका. माल उतरेपर्यंत तो केबिनमध्ये बसून होता, म्हणजे त्याची झोप झाली असं नव्हे.

सीमाप्रश्न तापला की आपल्या रस्त्यावर वेगळीच भीती असते. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. अशा दिवशी गाडी पंपावर उभी करायची मुभा ड्रायव्हरला आधीच द्या. भाडं बुडालं तरी त्याच्या भत्त्याला हात लावू नका.

अपघातानंतर त्याला एकटं सोडणं

इकडे पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी पोरांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कागद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नको, असं त्याला सांगून ठेवा आणि फोन आला की स्वतः निघा, नाहीतर कन्नड वाचणारा माणूस पाठवा. जखमीला दवाखान्यात पोचवणं ही ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव अंगावर आला तर मात्र जवळचं पोलीस ठाणं गाठून खबर द्यायची, हे त्याला आधी माहीत हवं. केबिनमध्ये एक कागद चिकटवा: 112, तुमचा नंबर, विमा कंपनीचा नंबर, त्याच्या घरचा नंबर आणि रक्तगट, मराठीत आणि कन्नडमध्येही.