जुनं पाठ्यपुस्तक घेताना आतल्या पानाचा फोटो मागा

मुलांना घरीच शिकवायचं तर ऑनलाइन जुनी पुस्तकं स्वस्त पडतात, पण कव्हरच्या फोटोवरून आवृत्ती कळत नाही. एनसीईआरटीची सहावीची पुस्तकं २०२४ मध्ये बदलली, सातवीची २०२५ मध्ये.

१. प्रकाशनाचं साल छापलेलं पान आणि अनुक्रमणिका, दोन्हींचे फोटो मागवा.
२. धड्यांची नावं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरच्या मोफत पीडीएफशी ताडून पाहा.
३. गणित असेल तर स्वाध्यायाचं पानही बघाच. मी घेतलेल्या पुस्तकात सगळी उत्तरं निळ्या पेनाने लिहिलेली निघाली, लेकीला सोडवायला काही उरलंच नव्हतं.

विकणारे वाशी-नेरूळचे असतील तर स्टेशनवर भेटून पानं चाळा, कुरिअरचा खर्चही वाचतो. आगाऊ पैसे मात्र पाठवू नका.